नष्ट केलेला डबा

साहेब, तुम्ही राहनाळला आलाच नव्हता. कागदावर तुमची सही आहे, शिक्का आहे, 'माझ्या समक्ष सर्व माल नष्ट करण्यात आला' असं छापील वाक्य आहे. तुम्ही मात्र नव्हता. त्या दिवशी तुम्ही कुठं होता ते मला ठाऊक नाही आणि त्याच्याशी मला देणंघेणंही नाही. तुमच्या सहीनं जो डबा खड्ड्यात गेला, तो माझ्या ओट्यावर कसा आला, एवढंच सांगते.

माझं नाव धम्मदिना. नवरा सुमित राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये स्कॅनिंगला आहे. हातात बंदुकीसारखं मशीन, आणि आल्यागेल्या प्रत्येक खोक्यावर लाल लाईट मारायचा. मीही तिथंच होते, रिटर्न टेबलवर. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेली पार्सलं उघडायची, चांगला माल इकडे, खराब माल तिकडे. दिवस गेले तरी सातव्या महिन्यापर्यंत आठ-आठ तास उभी राहिले. जूनमध्ये भाविक झाला आणि ठेकेदारानं माझा गेटपास काढून घेतला. दोन पगारांचा एक पगार झाला. खाणारं तोंड मात्र वाढलं.

आमच्या घरातली काटकसर सासूबाईंच्या हातात. द्रौपदी त्यांचं नाव, मी आई म्हणते. निजामपुऱ्यात लूमच्या कारखान्यात तीस वर्षं सुताच्या कांड्या भरल्या त्यांनी, त्यामुळे कुठल्या गल्लीत कापडाचे तुकडे किलोवर मिळतात ते त्यांना तोंडपाठ. भाविकचे सगळे लंगोट त्याच कापडाचे. आधी तीन वेळा उकळायचं, मग हातानं चोळून मऊ करायचं. डायपर फक्त दवाखान्यात जाताना, आणि घरी आल्यावर कोरडा निघाला तर घडी करून परत पिशवीत. तांदूळ रेशनचा. कांदे आणि भाजी खारबावच्या बायकांकडून, तीही त्यांची परतीची गाडी पकडायची वेळ झाली की. घाईत भाव आपोआप उतरतो. "आपल्याला कुठं गाडी पकडायचीय," असं म्हणत आई निवांत वांगी निवडायच्या. मला ते बरं वाटायचं नाही. पण वांगी मी खायचे.

दुधाचं तसं नव्हतं. मला दूध पुरेना. दवाखान्यातल्या मॅडमनी पावडरचा डबा लिहून दिला. दुकानात तो सातशेच्या वर, आणि दहा दिवसांत खडखडाट. राहनाळ नाक्यावर पंढरी टेम्पो लावतो, त्याच्याकडे तोच डबा साडेतीनशेला होता.

पंढरीचा टेम्पो म्हणजे गोडाऊनचा डॅमेज माल. दबलेले बिस्किटांचे पुडे, झाकण गळणाऱ्या शाम्पूच्या बाटल्या, एका कोपऱ्याला फाटलेली डाळीची पाकिटं. अख्खं राहनाळ घेतं. आमच्याकडे मोटारसायकलवाला घेतो आणि गाडीवालाही घेतो, गाडीवाला फक्त गाडी जरा लांब लावतो. मी डबा उलटासुलटा करून बघितला. दोन वर्षं रिटर्न टेबलवर तेच केलं होतं. तारीख पुढची होती, अक्षरं कारखान्याची होती, कुठं थिनरनं पुसल्याची खूण नव्हती. वरचं सील घट्ट. पत्रा एका अंगाला दबलेला, आणि तळाला पिवळा स्टिकर, 'स्पेशल ऑफर'.

"ताई, तुम्ही गोडाऊनच्या माणूस, तुम्हाला काय सांगायचं," पंढरी म्हणाला. "पत्रा दबलाय. दूध दबतंय होय?"

मी हसले आणि घेतला. तिथं मी चुकले, ते कबूल करते. तुमची चूक त्यानं कमी होत नाही.

दीड महिना तोच डबा चालला. चार डबे झाले. मधल्या काळात मला मसाल्याच्या पॅकिंगचं काम मिळालं, दुपारी दोन ते सहा. तेवढा वेळ भाविक आईंजवळ. बाटली त्या बनवायच्या.

मग अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. सुवर्णाताईंनी त्याला झोळीत घातलं, काटा बघितला, झोळी काढून परत लावली, परत बघितला.

"पाच किलो चारशे. मागच्या वेळेलाही तेवढंच होतं ना गं?"

"हो."

"शी कशी करतो?"

"पातळ. दिवसातून पाच-सहा वेळा. आई म्हणतात दाताची."

"पाचव्या महिन्यात कुठले दात?" त्यांनी वहीत लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "दूध कोण बनवतं? रागावू नकोस. बऱ्याच घरांत डबा पुरवायला पाणी वाढवतात. चार चमच्यांच्या जागी तीन. मी विचारते म्हणून कळतं."

तो चमचा डोक्यात बसला. ज्या बाई कोरडा डायपर घडी करून ठेवतात, कांदेवालीची गाडी चुकेपर्यंत घासाघीस करतात, त्या दूध सोडतील? घरी येताना सगळा रस्ता मी तेवढाच विचार केला. संध्याकाळी आई बाटली हलवत होत्या तर ते दूध मला पांढरं दिसायच्या ऐवजी निळसर दिसायला लागलं. संशय आला की डोळे असेच चालतात. मी त्यांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी डब्यातली पावडर चमच्यानं सपाट दाबली आणि आतल्या बाजूला, पावडरच्या बरोबर वर, बॉलपेनानं निळी रेघ मारली. चार तासांत दोन बाटल्या, आठ चमचे. पावडर किती खाली जायला पाहिजे ते मी आधी स्वतः आठ चमचे काढून बघून ठेवलं होतं.

तीन दिवस मोजलं. तिन्ही दिवशी पावडर जेवढी खाली जायला पाहिजे तेवढीच गेली. कणभर कमी नाही. एक दिवस तर जास्तच गेली.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर आई दारातच बसलेल्या. डबा मांडीवर.

"ह्याच्यात शाईच्या रेघा कुणी मारल्या?"

मी चप्पल काढत राहिले.

"तूच मारल्यास. मला कळत नाही होय? कांडीवर किती सूत बसलं ते मी न मोजता सांगायची, सुपरवायझर मला शिकवायला आला तर त्याला घरी पाठवलं मी. आणि तू माझ्यावर रेघ मारतेस? नातवाच्या तोंडातलं चोरते मी?"

"आई, सुवर्णाताई म्हणाल्या..."

"सुवर्णाला आण इथं. तिच्या वहीत माझंही वजन लिहू दे." त्यांचा आवाज चढला की शेजारची दारं उघडतात, तशी उघडली. "मी त्याला चमचा शीग लावून घालते. पोर वाळलंय म्हणून घालते. आणि ही बघते, म्हातारी खाते काय. मग जातं कुठं दूध? डब्याला भोक पडलंय होय?"

असं म्हणून त्यांनी टोमणा पुरा करायला डबा उलटा केला आणि तळावर हात आपटला. रोजच्या ओल्या हातांनी पिवळा स्टिकर आधीच सुटत आला होता. त्याचं टोक त्यांच्या बांगडीत अडकलं आणि तो अर्धा निघाला.

खाली भोक होतं.

अगदी काठाला, कडेच्या वळीला चिकटून, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यात करड्या रंगाचं काहीतरी भरलेलं, नळ गळतो तेव्हा लावतात तसली लांबी. आईंनी नखानं खरवडलं तर त्याचा तुकडा सुटून पडला. आतली पावडर त्या जागी पिवळी होऊन दगडासारखी जमलेली. आईंनी नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. भांडण तिथंच संपलं. दोघींनाही कळलं की मी इतके दिवस चुकीच्या माणसावर दात धरला.

"फेकू नका," मी म्हणाले.

"फेकतेय कशाला? कुणाच्या तरी तोंडावर मारायला ठेवते."

त्याच संध्याकाळी दुकानातून पूर्ण किमतीचा डबा आणला. आईंनी कानातलं काढून दिलं त्यातून. हे मी तुम्हाला दया यावी म्हणून लिहीत नाही. साडेतीनशे रुपये वाचवायला गेलेल्या घराला शेवटी काय पडतं, ते तुमच्या फायलीत कुठंच येत नाही, म्हणून लिहिते.

सुमित ड्युटीवरून आला. मी डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तळ बघितला आणि त्याच्या तोंडाचा रंग गेला. मला तो रंग आवडला नाही.

"तुला माहीत होतं?"

"काय माहीत होतं? वेडी झालीस का?"

"मग घाबरलास कशाला?"

त्यानं भाविककडे बघितलं. मग म्हणाला, "जुलैमध्ये मागच्या शेडमध्ये पाणी शिरलं होतं. गटाराचं. बाळाच्या पावडरच्या डब्यांचे ढीग तीन दिवस त्यात होते. ते सगळे विकायचे नाहीत, नष्ट करायचे, असा कागद आला. बाहेर काढून मीच स्कॅन केले. माल खड्ड्यात गेला असं सांगितलं आम्हाला."

"आणि मी हा डबा घरात आणला तेव्हा?"

"अगं, त्या ब्रँडचे हजार डबे रोज जातात माझ्या हाताखालून. मला काय स्वप्न पडलं?"

खरं बोलत होता. तरी त्या रात्रीपासून मी त्याच्या हातात बाटली दिली नाही. संशय एकदा घरात शिरला की तो ज्याला त्याला चिकटतो, साहेब. तुमच्या सहीची ही पहिली कमाई.

सकाळी पंढरीकडे गेले. त्यानं स्टिकर बघितला, भोक बघितलं आणि एका हिंदीवाल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "भाईसाब, पाच मिनट बाद आना." म्हणजे त्याला कळलं होतं.

"ताई, मी उक्ता माल उचलतो. आत काय, खाली काय, मला कोण दाखवतंय? तुम्हाला पैसे परत पाहिजेत तर देतो."

"किती उचललेस?"

"साठ."

"कुणाकडून?"

"तेवढं विचारू नका. मला पण पोरं हायत."

"त्यांना हेच दूध पाजतोस?"

त्यानं टेम्पोचा पडदा खाली ओढला.

मग मला मंगळी आठवली. मंगळी खारबावच्या पुढच्या डोंगरपाड्यावरची, वारली. भाताची लावणी नाहीतर कापणी उरकली की ती आणि तिच्या पाड्यावरच्या बायका ठेकेदाराकडे रोजावर येतात. झाडायचं, गोण्या उचलायच्या, जे काम कुणी करत नाही ते. रिटर्न टेबलच्या मागं आम्ही दोघी एकत्र डबा खायचो. ती माझी भाजी खायची, मी तिची नाचणीची भाकर. गोडाऊनमध्ये माल नष्ट करायचा असला की ठेकेदार ह्याच बायकांना बोलावतो, एवढं मला माहीत होतं. पाकिटं ब्लेडनं कापायची, बाटल्या ओतायच्या, डब्यांना तळातून खिळा मारायचा, म्हणजे परत विकता येत नाहीत.

गेटबाहेर चहाच्या टपरीशी तिला गाठलं. डबा हातात दिला. तिनं तो उलटा केला, भोकावर अंगठा फिरवला.

"बाय, ह्यो माजा खिला हाय."

"तुझा कशावरून?"

"बाकीच्या बाया मधी मारतात. मी काठाला मारला."

"का?"

तिनं डबा पदरानं पुसला. मग म्हणाली, "ठेकेदार बोल्ला, प्वाटात मार, पावडर सांडू दे, वरून पानी वत. आमच्यात दाना म्हंजी कनसरी. देवी हाय ती. पायाखाली आला तरी उचलून डोक्याला लावतो आमी. आन् हे तर प्वोरांचं खानं. तिच्या प्वाटात खिला कसा मारू? हात उचलंना. म्हनून काठाला मारला, हलका. सांडली न्हाय. म्या मनात बोल्ले, खड्ड्यात जायाचंच हाय तर निदान झाकून जाऊ दे. पुरून टाकतील, माती खाईल. मना काय ठावं, ते काढून इकतील?"

"खड्डा खणला होता?"

"व्हता ना. एक डबा फोडून त्यात वतला, त्याचा फोटू काढला. मंग आमाला सांगितलं, घरी जा, मशीन येईल, माती लोटंल. दुसऱ्या दिशी गेलो तं खड्डा बुजलेला."

"साहेब आला होता का कुणी? सही करायला?"

"न्हाय. ठेकेदार, फोटूवाला आन् आमी सात बाया. आमी पायऱ्यांवर बसलेलो. सायेब आला असता तं बसू दिलं असतं का? उभं केलं असतं." ती थोडी हसली. मग डब्याकडे बघून तिचं हसू गेलं. "तुजा पोरगा बरा हाय ना, बाय?"

"बरा होतोय."

"असला पिवला कागद आमच्या पाड्यावरच्या दुकानात हाय," ती म्हणाली. "माज्या भावजयीनं परवाच आनला. तिला दूध न्हाय."

ती पुढच्या गाडीनं गेली. रोज बुडवून. तिला एवढ्या घाईत मी कधी बघितलं नव्हतं. संध्याकाळी तिच्या भावाच्या फोनवरून बोलली. डबा ओतून टाकला. दुकानात अजून एक होता, तोही तिनं पैसे देऊन आणला आणि ओतला. ह्या वेळेला तिनं तो स्वतःच्या हातानं मातीत ओतला, आणि मला विचारत होती की देवी रागावेल का. मी काय सांगणार? आम्ही बौद्ध, आमच्या घरात देवी नाही. मी म्हटलं, रागवायचं असेल तर तिनं दुसरीकडे रागवावं, पत्ता मी देते.

सुमितला मी सांगितलं, डब्यावरचा बॅच नंबर मशीनमध्ये टाक.

"नोकरी जाईल, धम्मा."

"गेली तर दुसरी बघू."

"तू सहज बोलतेस."

"सहज नाही बोलत. पाच किलो चारशे बोलतेय."

दोन दिवस त्यानं टाळलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोटो आला. मशीनचा स्क्रीन. बॅच नंबर तोच. नग ६१२. स्थिती, नष्ट. खाली जोडलेला कागद, आणि कागदावर तुम्ही. फोटोखाली सुमितनं एवढंच लिहिलं होतं, 'भाविकला बाटली आज मी देणार.'

डबा, स्टिकर आणि फोटो घेऊन मी तुमच्या अन्न खात्याच्या ऑफिसात आले. आई बरोबर होत्या, भाविक त्यांच्या खांद्यावर. बाहेरच्या टेबलावर एक क्लार्क होते, रामनाथ नावाची पाटी होती समोर. भले वाटले. पाणी दिलं.

"बिल आहे का?"

"टेम्पोवर बिल कुठलं?"

"बिलाशिवाय तक्रार घेता येत नाही, ताई. माल कुठून घेतला ते सिद्ध झालं पाहिजे. आणि खरं सांगू का, स्वस्ताच्या मागं लागू नये. लहान मुलाचा प्रश्न असतो."

आई म्हणाल्या, "तुमच्या नातवाला किती रुपयांचं दूध पाजता?"

"आजी, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"आमचं भलं सातशे रुपयाला मिळतं. आम्ही तुमच्याकडे त्याच्यासाठी नाही आलो. ही सही कुणाची आहे?"

मी फोनवरचा फोटो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं, चष्मा खाली केला. आवाज एकदम मऊ झाला.

"असं करा, डबा इथं ठेवून जा. तपासणीला पाठवतो."

"पावती द्या."

"पावती साहेब देतात."

"साहेब कुठं आहेत?"

"व्हिजिटवर."

"मग डबा पण व्हिजिटवरून साहेब आल्यावर देते."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुमच्यावर कशाला ठेवायचा? इथं सहाशे बारा डबे एकदा दिले होते."

त्यांनी हात पुढे केला होता, तो मागं घेतला. मी डबा पिशवीत टाकला. तो आता माझ्या घरीही नाही. कुठं आहे ते तुम्हाला सांगणार नाही. तीन वेळा आले, तिन्ही वेळा तुम्ही व्हिजिटवर. ज्या दिवशी तुमची व्हिजिट कागदावर आहे त्या दिवशी तुम्ही नव्हता, आणि ज्या दिवशी मी येते त्या दिवशी तुम्ही व्हिजिटवर असता.

तिसऱ्या खेपेनंतर ठेकेदारानं मंगळीला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. सुमितला मागच्या शेडला बदललं. मी तुमच्या ऑफिसात आले हे गोडाऊनला कुणी कळवलं? मी तर फक्त तुमच्याच माणसांशी बोलले होते. सुमितला विचारलं, तुझं नाव लिहू का. म्हणाला, लिही, नाहीतरी त्यांना कळलंय. मंगळी म्हणाली, माजं पन लिव, आन् खिला म्या काठाला मारला ते पन लिव. तिनं स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. रोजावरची बाई आहे ती. तिला तुमच्याएवढा पगार नाही, तिच्यापुढं टेबल नाही, तिच्या सहीला कुणी विचारत नाही. ती अंगठा लावते. पण तिनं जे केलं ते तिथं हजर राहून केलं.

भाविक आता सहा किलो शंभर आहे. सहा महिने पूर्ण झाले म्हणून आई त्याला मुगाच्या डाळीचं खिमट भरवतात, आणि डब्याला किती आणि खिमटाला किती हा हिशोब मला मोठ्यानं ऐकवतात, रेघा मारल्याचा सूड म्हणून. ऐकते मी. माझं पोर वाचलं, कारण माझी सासू भांडखोर आहे आणि तिनं डबा उलटा केला. ज्यांच्या घरात डबा कुणी उलटा केला नाही, त्यांचं काय?

सहाशे बारा डबे तुमच्या सहीनं खड्ड्यात गेले. चार माझ्या घरात आले. दोन मंगळीनं ओतले. फोटोसाठी एक फुटला. उरलेले कुठल्या टेम्पोत चढले, कुठल्या गावात उतरले, कुठल्या पाड्यावर, कुणाच्या ओट्यावर आहेत? आज, आत्ता, कुठलं पोर ते दूध पितंय?

नाव आणि पत्ता सांगा. मी स्वतः जाऊन सांगून येते त्या आईला. तुम्ही फक्त सांगा, कुठं जाऊ?